बेटावरच्या वहिनी

ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खून, दरोडे, मारामाऱ्या नोकरीत पुष्कळ पाहिल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांचा राग काळाबरोबर निवला. या प्रकरणात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, पण राग जसाच्या तसा आहे. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांची अब्रू गेली होती त्यांना ती परत मिळाली, आणि ज्याने घालवली त्याचं नाव छापून त्याला मोठं करायची माझी इच्छा नाही.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन केबिनकडे वळलो, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी हशा झाला. टेबलासमोर एक उंच, ताठ, मिशीवाले गृहस्थ उभे होते आणि शेजारी त्यांच्या पत्नी. अंमलदार म्हणत होता, "आवं सुभेदार, ऊस सोडून ग्रीसला कशाला गेलता? आन् गुन्हा तिकडं घडला तर फिर्याद बी तिकडंच द्यायची की!" दोन शिपाई दात काढत होते.

मी अंमलदाराला तिथेच सगळ्यांसमोर झापलं. ठाण्याची पायरी चढायला साध्या माणसाला किती धीर गोळा करावा लागतो, हे अंगावर खाकी आली की लोक विसरतात. शेतकऱ्याने परदेश पाहायचा नाही असा कायदा कुठे आहे? त्या दोघांना मी आत नेलं, चहा मागवला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

सुभेदार सैन्यातून निवृत्त झालेले, उसाची शेती करणारे. त्यांच्या पत्नी वाईच्या. आयुष्यभर मुलींच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला, म्हणून गावात त्यांना सगळे बाईच म्हणत. फळ्यावर युरोपचा नकाशा काढताना ग्रीसच्या पायाशी बेटांचे ठिपके मारायच्या, तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की यातला एखादा ठिपका डोळ्यांनी बघायचा. सुभेदारांची सगळी उमेदीची वर्षं सरहद्दीवर गेली, बाईंनी घर एकटीने ओढलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बायकोला शब्द दिला, तुझं बेट दाखवतो.

गाडं अडलं ते राहण्याच्या जागेवर. त्या बेटांवरच्या नामांकित हॉटेलांचं एका रात्रीचं भाडं ऐकून सुभेदार म्हणाले होते, "एवढ्यात हितं आमी एक खोली बांधू." स्वस्त जागेची शोधाशोध करताना सांगलीतला एक सहलवाला भेटला. जहाजांवर आचारी म्हणून काम करून परत आलेला, गोड बोलणारा इसम. तो म्हणाला, हॉटेल कशाला, तिथं आपल्या वहिनी आहेत. आपल्या भागातली मुलगी, तिकडच्या कोळ्याशी लग्न करून बेटावर स्थायिक झालेली, घरच्या खोल्या आपल्या माणसांना अगदी कमी भाड्यात देते.

मग त्याने सुभेदारांच्या घरी, बाईंच्याच मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून दिला. पांढरीशुभ्र गच्ची, निळं दार, मागे पाणीच पाणी. आणि पुढे कपाळभर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावर पदर घेतलेली बाई. "या की पाव्हणं! लय वाट बघतीया. हितं बी भाकरीच घालती तुमाला, काळजी करू नगा." बाईंनी रीतीप्रमाणे माहेर विचारलं, तर म्हणाली, लोणंद. एवढ्यावर विश्वास बसला. आपल्याकडे पाहुण्याचं माहेर कळलं की चौकशी संपते.

"पावती?" मी विचारलं.

सुभेदार माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनीला पावती मागायची, सायेब? घरच्या माणसाला?"

त्यांच्या शब्दावर पलटणीतले दोन जुने साथीदारही बायकांसह निघाले. सगळ्यांचे पैसे गोळा करून सुभेदारांनीच सहलवाल्याकडे भरले. वहिनींसाठी भडंग, बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, ओटीसाठी हिरवी साडी आणि खण असं सगळं घेऊन ही माणसं बेटावर बोटीतून उतरली. दिलेल्या पत्त्यावर होतं मासळीचं गोदाम. सहलवाल्याचा फोन बंद. परक्या मुलखात, हातात पिशव्या घेऊन, साठी उलटलेली सहा माणसं धक्क्यावर उभी राहिली.

त्यांना सावरलं ते तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईने. त्या बेटांवर बोट लागली की घरमालक पुठ्ठ्यावर 'खोली भाड्याने' असं लिहून धक्क्यावर उभे राहतात. तशीच ती उभी होती, नखशिखांत काळे कपडे घातलेली. तिने यांचे चेहरे पाहिले, भाव न करता आपल्या घरी नेलं आणि परवडेल तेवढ्यात दोन खोल्या दिल्या. म्हणजे स्वस्त आणि सचोटीची जागा तिथे धक्क्यावरच मिळत होती, कुणालाही. या भामट्याने विकलं ते फक्त 'आपलं माणूस' हे शब्द!

परत आल्यावर खरा घाव बसला. साथीदार गप्प राहिले, पण गाव गप्प बसलं नाही. पैसे सुभेदारांनी गोळा केले, म्हणजे त्यांनीही हात मारला असणार, अशी कुजबुज सुरू झाली. दुधाच्या डेअरीवर ते आले की बोलणं थांबायचं. सुभेदारांनी घराबाहेर पडणंच सोडलं. एवढं सांगून सुभेदार म्हणाले, "पैसं मिळूद, न मिळूद. गावाला एवढं कळूद की मी चोर न्हाई."

मी लगेच गुन्हा दाखल केला. धागा बाईंच्या मोबाइलमध्ये निघाला. माहेरच्या बहिणींना दाखवायला त्यांनी तो कॉल रेकॉर्ड केला होता. मी तो तीनचारदा पाहिला. मध्येच साखर कारखान्याचा भोंगा वाजत होता. सुभेदार म्हणाले, "त्यो आमच्याच कारखान्याचा. घरात रोज ऐकू येतोय." साहजिक होतं. ज्याचा दिवसच भोंग्यावर उगवतो आणि मावळतो, त्याचा कान त्यात अडकत नाही. मुंबईच्या माणसाने चटकन विचारलं असतं, समुद्रात भोंगा कसला? आमच्या माणसांना तो घरचाच वाटला.

पण मी पडद्यावरच्या वहिनींकडे बघत होतो. भोंगा झाला तशी तिने फोनकडे पाठ करून डोंगराच्या बाजूला मान वळवली आणि मग वर उन्हाकडे पाहिलं. शेतात भांगलणाऱ्या बाया वेळ ताडतात, अगदी तशी. आवाज सुभेदारांच्या घरातला असता, तर तिने फोनकडे पाहिलं असतं. भोंगा तिच्या अंगणात वाजत होता. ते बेट उसाच्या पट्ट्यातच होतं!

कारखाना, डोंगर आणि जवळच पसरलेलं पाणी. साताऱ्यात नोकरी केल्यामुळे कृष्णेवरच्या एका बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा मला आठवला. साध्या वेशातले दोन अंमलदार पाठवले. काठावर एक शेतघर सापडलं, नव्याने चुना दिलेलं, दार निळं. राखणदार म्हणाला, हितं मालिकेचं शूटिंग झालं, लोणंदची एक बाई एसटीनं यायची. लोणंदला ती एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना भेटली. कपाळ मोकळं, गळा मोकळा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सहलवाल्याला सांगलीतून उचलला. कोठडीतही त्याचं हसू कायम होतं. शेतघर? जाहिरातीचं शूटिंग. कॉल? "त्या बाईनं केले, साहेब, तिचा आवाज, तिचं तोंड. मी तिथं नव्हतो." आणि मग त्याने ते वाक्य टाकलं: "खरं सांगू? माणसं आणायचं काम सुभेदारांचं. माणशी कमिशन घेतलं त्यांनी." माझा हात शिवशिवला. उचलला नाही, कारण एका थपडेने त्याच्या वकिलाचं काम सोपं झालं असतं. पण कागद नव्हता, पावती नव्हती. सुभेदार निर्दोष आहेत हे सांगू शकणारं एकच माणूस होतं, ती लोणंदची बाई. आणि ती तोंड उघडत नव्हती.

महिला अंमलदाराने समजावलं, मी समजावलं. ती भिंतीकडे बघत बसली. सहलवाल्याने तिच्या मनात आधीच काय भरवलं होतं ते नंतर कळलं: विधवा असून मंगळसूत्र घातलंस, बोललीस तर तूच आत जाशील, आणि सासरच्यांना कळलं तर घरात घेणार नाहीत. त्याने तिलाच का निवडलं हे मला तेव्हा उमजलं. सवाष्ण बाई खोट्या नवऱ्याचं कुंकू लावायला तयार झाली नसती. आणि विधवा बाई दिवसभर कुठे असते, हे आपल्याकडे कुणीही विचारत नाही. आपला चांगुलपणा आणि आपला नीचपणा, दोन्ही त्याने बरोबर हेरून ठेवले होते.

शेवटी बाईंना ओळख पटवण्यासाठी बोलावलं. त्या आत आल्या, समोरच्या मोकळ्या कपाळाकडे क्षणभर पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता समजलं. नंतरच्या एका कॉलवर मी म्हटलं होतं, आल्यावर तुमची ओटी भरणार. तर या एकदम मागे सरकल्या. 'नगं बाई, ओटी नगं' म्हणाल्या आणि फोन बंद केला. मला वाटलं, रेंज गेली."

बाई तिच्या शेजारी बसल्या. पिशवीतून हिरवी साडी काढली, बेटावरून तशीच परत आलेली. तिथल्या म्हातारीला साडीचा काय उपयोग, म्हणून तिला फक्त खण आणि तांदूळ दिले होते. महिला अंमलदाराला त्यांनी मूठभर तांदूळ आणायला पाठवलं. मेसमधून ते आले.

"पदर पुढे घ्या."

"नगं, बाई. मला चालत न्हाई. तुमाला ठावं हाय."

"त्या म्हातारीचाही नवरा गेलेला. भिंतीवर फोटो होता, अंगात तिकडच्या विधवा घालतात तसे काळे कपडे. तिने आम्हाला घर दिलं, मी तिची ओटी भरली. ही साडी मी तुमच्या नावाने नेली होती. तुम्ही खोट्या असाल, साडी खोटी नाही. घ्या पदर."

तिने पदर पुढे केला आणि ठाण्यात मोठ्याने रडली. मग डोळे पुसून स्वतःच म्हणाली, "लिवा, सायेब." पहिल्या कॉलला तिला मालिकेचं शूटिंग असल्याचं सांगितलं होतं, खरं कळलं तेव्हा धमकी मिळाली होती. आणि मुख्य म्हणजे, सहलवाला तिच्यासमोर फोनवर कुणा साथीदाराशी हसत बोलला होता: "सुभेदार साधा हाय. त्येला धरा, बाकीची मागनं येत्यात." हा जबाब तिने पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही दिला. मी गणवेशात सुभेदारांच्या गावी गेलो, डेअरीवर दुधाच्या वेळेला उभा राहिलो आणि काय घडलं ते मोठ्या आवाजात सांगितलं. ज्यांची तोंडं कालपर्यंत चालत होती, त्यांना घागरी उचलायची घाई झाली.

लोक म्हणतात, हाव सुटते म्हणून माणसं फसतात. साफ खोटं आहे. या सहा जणांत कसली हाव होती? सुभेदारांनी घरच्या माणसाला पावती मागितली नाही, हा त्यांचा गुन्हा. फसलेल्या माणसाला हसणारा प्रत्येकजण भामट्याचं निम्मं काम करतो, कारण लाजेपोटी बाकीचे फसलेले ठाण्यात येतच नाहीत. आमचा अंमलदारही त्या दिवशी तेच करत होता.

खटला उभा राहिला, तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण साक्षीला गेलो. ती लोणंदहून आली होती, हिरव्या साडीत. आरोपीचा वकील तिच्यावर तुटून पडला. "विधवा असून मंगळसूत्र घालून लोकांना फसवलंत, आणि आज नटूनथटून साक्ष द्यायला आलात?"

ती घाबरली नाही. पिंजऱ्यातल्या सहलवाल्याकडे तिने बोट दाखवलं. "मंगळसूत्र त्येनं दिल्यालं व्हतं. ते मी पोलिसांत जमा केलंय." मग मागच्या बाकावर सुभेदारांशेजारी बसलेल्या बाईंकडे पाहिलं. "लुगडं त्या बाईंनी दिलंय. ते मी नेसलीय."