हर्षाच्या यंत्राच्या मोटरी

सानगडीत दारांवर नक्षी कोरणाऱ्या परसरामांचा उजवा हात लकव्याने गेला, तेव्हा त्यांच्या मुलीने, हर्षाने, संगणकावर आखलेली नक्षी लाकडात आपोआप कोरणारं सीएनसी यंत्र घरीच बनवायला घेतलं. पातं पुढे-मागे सरकवायला जुन्या प्रिंटरच्या मोटरी लावल्या. पण सागाच्या फळीत पातं रुतताच त्या अडखळल्या आणि कमळाची पाकळी वाकडी कापली गेली.

“मोठ्यात मोठ्या घेऊन टाक ना,” परसराम म्हणाले.

“बाबा, जड मोटरीचं ओझं यंत्रालेच वाहा लागते. आधी किती जोर लागून राहिला ते पाहू.”

फिरतं पातं फळीत ठेवून तिने यंत्राचा सरकता भाग हुकाच्या वजनकाट्याने ओढून पाहिला. त्यावरून मधल्या ताकदीच्या मोटरी घेतल्या. पुढचं कमळ नीट उतरलं.

परसरामांनी डाव्या हाताने कडा चाचपल्या. “साफ हाये. पण देठ जाड झाला.”

हर्षा लगेच नक्षी बदलायला बसली.