गुत्तेवाल्याच्या कपाळी भंडारा

प्लेग ओसरल्यानंतरच्या दुसऱ्या चैत्री पौर्णिमेला, भर सकाळी, आमच्या गावच्या दारूच्या गुत्तेवाल्याच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लागला. त्या दिवशी शर्यतीचे गाडे पळेपर्यंत गुत्त्यात दारूचा थेंब विकला गेला नाही.

गाव अवसरीच्या अलीकडचे. रिवाज असा की, यात्रेच्या सकाळी ज्याला भंडारा लागला त्याने बैलगाडे पळेपर्यंत दारूला शिवायचे नाही. आम्ही पाच जण पुण्याला कॉलेजात होतो. आमच्यातला एक जण घरच्या गाड्यापुढे घोडी पळवी. आदल्या वर्षी तो पिऊन घोडीवर बसला आणि घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, निम्म्यातच पडला. चारही बैल त्याच्यावरून उडी मारून गेले. यंदा ते तशीच उडी मारतील, याची खात्री कोणालाच नव्हती.

म्हणून पहाटेच आम्ही त्याला भंडारा फासला. त्याने तो धोतराच्या सोग्याला पुसला आणि गुत्ता गाठला. आम्ही भंडाऱ्याचे ताट घेऊन मागे.

“एका घोटानं काय व्हतंय राव? घोडीला कळतंय व्हय?”

“लई कळतंय. मागच्या साली तिलाच तेवढं कळलं व्हतं!”

तो हसत पिंपाआड लपला. आम्ही मूठ मूठ भंडारा उधळू लागलो. पिंप पिवळे, भिंत पिवळी, दारातली कोंबडी पिवळी. एक मूठ थेट गुत्तेवाल्याच्या तोंडावर बसली.

“आरं, पुन्याला हेच शिकवत्यात व्हय तुमाला?” तो ओरडला. मग त्याने कपाळ चाचपले आणि मटकन खाली बसला.

नवे पिंप फोडले की पहिला पेला गुत्तेवाल्याने स्वतः प्यायचा. त्याशिवाय गावात कोणी दारूला तोंड लावत नसे. त्या दिवशी नवेच पिंप फोडायचे होते आणि बाहेर गिऱ्हाइकांची रांग होती.

“भाऊ, नुसती जीभ लावा की!”

“द्येवाचा भंडारा हाय. न्हाई जमायचं.”

“मग पुसा! पोरानं पुसलाच की!”

“त्याला चार बैल सोडतील. मला खंडोबा सोडायचा न्हाई.”

रांगेत हशा उसळला. आम्ही तर जमिनीवर लोळत होतो. घोडीवाला मित्र पिंपाआडून पिवळाधमक होऊन बाहेर आला. त्याने दोन तांबे पन्हे प्यायले आणि शिव्या देत घाटाकडे निघाला.

दुपारी त्याच्या घरचा गाडा सुटला. घाटाच्या शेवटच्या निशाणापाशी घोडी बैलांच्या पुढे होती आणि तो घोडीवर होता.