चार नंबरमधला आवाज

उपनगराच्या टोकाला, बस वळून परत फिरते तिथे, साबणाचा बंद पडलेला कारखाना होता. तो पाडून सहा पडद्यांचं थिएटर उभं राहिलं तेव्हा माझे भाऊजी बेचाळीस वर्षांचे होते. शहरातल्या एका जुन्या थिएटरात ते ऑपरेटर होते, म्हणजे प्रोजेक्टर चालवायचे. ताईच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत एकही शुक्रवार नवरा तिच्या वाट्याला आला नव्हता. नव्या ठिकाणी बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "आता एकाऐवजी सहा सवती झाल्या." पण मनातून खूश होती. घरापासून थिएटर चालत दहा मिनिटांवर होतं.

पुढे मीही तिथे तिकीटखिडकीवर लागले आणि शेवटपर्यंत राहिले. त्यामुळे जे घडलं ते मी घरातूनही पाहिलं आणि काचेआडूनही.

सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी होती. लोक इस्त्रीचे कपडे घालून यायचे. काही जण नुसते सरकत्या जिन्यावरून वर-खाली करायला यायचे आणि पहारेकरी त्यांना हसत हसत हाकलायचा. वरच्या मजल्यावर एक लांबच लांब खोली होती. तिच्यात सहा मशीनं ओळीने, आणि प्रत्येकापुढे एक छोटी काचेची खिडकी. भाऊजी दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत डोकावत फिरायचे. चित्र केसभर जरी धूसर झालं तरी त्यांना चैन पडायची नाही. "तीन नंबरचा फोकस हललाय," हे त्यांचं वाक्य इतक्यांदा ऐकू यायचं की सगळा स्टाफ त्यांना फोकसराव म्हणू लागला. त्यांना ते आवडायचं, पण चेहऱ्यावर दाखवायचे नाहीत.

मग रिळं गेली. सिनेमा डब्यांतून येण्याऐवजी हातभर लांबीच्या डिस्कवर येऊ लागला. त्यासोबत सिनेमाच्या वितरकाकडून कॉम्प्युटरवर एक परवाना यायचा. अमक्या तारखेपासून तमक्या तारखेपर्यंतच तो सिनेमा उघडेल, पुढे नाही. त्याला सगळे चावी म्हणायचे. ऑपरेटरची गरज संपली. भाऊजींच्या हाताखालची दोन माणसं गेली आणि भाऊजी "तांत्रिक पर्यवेक्षक" झाले. छातीवर बिल्ला आला, हातातलं काम गेलं.

तेही त्यांनी गिळलं. खरं बिनसलं ते मालकाने थिएटर एका मोठ्या कंपनीला विकल्यावर. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या शहरात. त्यांनी पहिल्या तीन पडद्यांना आरामखुर्च्या बसवल्या, फोटो काढले, आणि उरलेल्या तिघांकडे ढुंकून पाहिलं नाही. सहा नंबरचं छत गळायला लागलं, तर दाराला कुलूप लावून मोकळे झाले. आणि एक दिवस चार नंबरमधला मधला स्पीकर गेला.

सिनेमातली माणसं जे बोलतात ते पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतं, संगीत बाजूच्यांतून. त्यामुळे चार नंबरमध्ये गाणी दणक्यात वाजायची आणि संवाद डबक्यातून आल्यासारखे यायचे. दर शुक्रवारी येणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "अगं, तुमच्या चार नंबरमध्ये माणसं नुसती ओठ हलवतात. मला वाटलं मीच बहिरी झाले. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले मी!"

भाऊजींनी कंपनीच्या कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवली. लगेच उत्तर आलं, तक्रार मिळाली. आठ दिवसांनी दुसरं उत्तर आलं, तक्रार निकाली निघाली. कोणी आलं नव्हतं, कोणी स्क्रूसुद्धा पिळला नव्हता. त्यांनी फोन लावला. मी समोरच होते.

"सर, तुमची तक्रार बंद झालेली दिसतेय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"पण स्पीकर दुरुस्त झालेला नाही."

"बंद झालीय म्हणजे झाला असणार, सर."

"अहो ताई, मी त्या स्पीकरला हात लावून उभा आहे!"

"मग नवीन तक्रार नोंदवू का?"

अशा अकरा तक्रारी झाल्या. अकराही निकाली निघाल्या. भाऊजी घरी येऊन ताटावर बसायचे आणि पहिला घास तोंडात घालण्याआधी तिसऱ्यांदा तेच सांगायचे. ताई म्हणायची, "जेवा हो आधी. स्पीकर काही पळून जात नाही." त्यावर ते आणखी भडकायचे. "पळून प्रेक्षक चाललेत! त्यांना कोण थांबवणार?"

शेवटी त्यांनी स्वतःच हात घातला. सहा नंबरमध्ये कुलपाआड धडधाकट स्पीकर धूळ खात पडला होता. इलेक्ट्रिशियनला घेऊन एका सकाळी त्यांनी तो उतरवला, ढकलगाडीवरून चार नंबरमध्ये नेला, जोडला. दुपारच्या खेळाला मी मागे उभी राहून ऐकलं. पडद्यावरची म्हातारी कुजबुजली तेही शेवटच्या रांगेत स्वच्छ आलं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसला.

चौथ्या दिवशी मेमो आला. कंपनीच्या मालमत्तेची विनापरवानगी हलवाहलव, खुलासा करा. अकरा तक्रारींवर न फिरकलेल्या कंपनीला ही गोष्ट मात्र चार दिवसांत कळली होती. भाऊजींनी खुलाशाला अकरा तक्रारींचे कागद जोडले. त्यावर उत्तर आलं की सदर तक्रारी निकाली निघालेल्या असल्याने विचारात घेता येत नाहीत.

पण तोवर उशीर झाला होता. चार नंबर वाईट, हे उपनगरभर झालं होतं, आणि एकदा नाव गेलं की लोकांना पडद्याचा नंबर लक्षात राहत नाही, थिएटरच राहतं. कंपनीने एका साहेबाला पाहणीला पाठवलं. तो मंगळवारी सकाळी अकराला आला, परीक्षांच्या आठवड्यात, आणि प्रत्येक दारातून डोकावून डोकी मोजून गेला. अहवाल मॅनेजरने आम्हाला वाचून दाखवला: या भागातल्या प्रेक्षकाला आता थिएटरची आवड राहिलेली नाही.

"आवड?" भाऊजी उभे राहिले. "ऐकू येत नाही, छत गळतं, म्हणून लोक गेले. आणि खापर लोकांवरच?"

मॅनेजर भला माणूस होता, पण होयबा. म्हणाला, "फोकसराव, मला सांगून काय उपयोग?"

"मग कोणाला सांगू? नाव सांगा. एका माणसाचं नाव सांगा!"

ते नाव मॅनेजरलाही माहीत नव्हतं.

थिएटर बंद झालं ते एका शुक्रवारी. आदल्या दिवसापर्यंत मी तिकिटं दिली होती. सकाळी काचेच्या दारावर कागद चिकटवलेला होता आणि त्यापुढे चाळीसेक माणसं आधी काढलेली तिकिटं हातात धरून उभी होती. आम्हालाही तो कागद त्यांच्याबरोबरच वाचायला मिळाला. मुख्याध्यापिकाबाई गर्दीत होत्या. कितीतरी महिन्यांनी आल्या होत्या. भाऊजींना म्हणाल्या, "आवाज नीट झाला असं कळलं, म्हणून आले हो. एक शेवटचा तरी दाखवा."

भाऊजींनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "मी चहाला जातोय. मला यायला वेळ लागेल." एवढंच धाडस त्याच्यात होतं, आणि ते त्याने केलं.

भाऊजींनी चार नंबर उघडला. लोक बसले, कोणी मध्ये, कोणी आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात. मी भाऊजींबरोबर वर गेले. दिवा लागला, सिनेमा मशीनमध्ये होता. त्यांनी बटण दाबलं. लाल अक्षरं आली: मुदत संपली. चावी गुरुवारपर्यंतचीच दिली होती. परत दाबलं. परत तेच. मग त्यांनी कंपनीला फोन लावला, चावी एका दिवसाने वाढवून द्या म्हणून.

"कुठलं थिएटर, सर?"

त्यांनी सांगितलं.

"हे आमच्या यादीत दिसत नाहीये, सर."

भाऊजींनी फोन टेबलावर उलटा ठेवला. मी म्हटलं, "मी सांगू का खाली जाऊन?" त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि स्वतःच गेले. पडद्यासमोर उभं राहून म्हणाले, "सिनेमा इथेच आहे. पण उघडत नाही. माझ्या हातात नाही."

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उठून ओरडला, "तुम्हालाच चालवायचं नव्हतं! तुम्हीच वाट लावलीत या थिएटरची!" दोघांनी त्याची री ओढली. भाऊजी ऐकत उभे राहिले. मला त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. बाई तेवढ्या जाताना त्यांच्या हातावर हात ठेवून गेल्या, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

आता तिथे घरपोच मालाचं गोदाम आहे. मी एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. भाऊजी एका कॉलेजच्या सभागृहात माइक आणि पडदा सांभाळतात. काम हलकं आहे, साहेब नम्र आहेत, आणि ते रोज कुरकुर करतात.

गेल्या महिन्यात ताईने त्यांना हट्टाने सिनेमाला नेलं. दुसऱ्या उपनगरात, दोन बस बदलून. मध्यंतराच्या आधीच ते उठले. चित्राची डावी बाजू धूसर होती. बाहेर जाऊन त्यांनी तिथल्या मॅनेजरला गाठलं.

"काका, आजवर कोणी तक्रार केली नाही," तो म्हणाला.

"मग आता मी करतोय ना!"

त्याने एक यंत्र पुढे केलं, यात नोंदवा म्हणून. भाऊजींनी ते हातातही घेतलं नाही. सिनेमा सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. ताई मात्र शेवटपर्यंत बघून आली.

बसमध्ये त्यांनी विचारलं, "मग काय झालं शेवटी? हिरोला भाऊ भेटला का?"

"मध्येच उठून जायचं नव्हतं," ताई म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.