दोन सारख्या पिना

३ मार्च २००८, सोमवार. सकाळचं काम सोपं होतं. एका गावाच्या पंपघरातली, मोटर चालू-बंद करणारी जुनी पेटी काढून नवी लावायची.

माणमधल्या भाड्याच्या खोलीत आम्ही तिघं अशा पेट्या बनवायचो. आत लिनक्सवर चालणारा छोटा संगणक. जोडलेल्या प्रत्येक यंत्रासाठी लिनक्समध्ये एक फाइल असते. प्रोग्रामने त्या फाइलीत हुकूम लिहिला की यंत्र ऐकतं. जुन्या पेटीत या फाइली मी हाताने बनवल्या होत्या, कारण यंत्रांच्या जागा ठरलेल्या होत्या. नव्या पेटीला यूएसबीच्या वायरी होत्या. वायर लावली की फाइल आपोआप तयार, काढली की गायब. आधी लागेल त्याला शून्य नंबर, नंतर लागेल त्याला एक. माझ्या प्रोग्रामच्या हिशेबी शून्य म्हणजे पाण्याची मोटर, सलग चालायची. एक म्हणजे टाकीत टीसीएल सोडणारा छोटा पंप, मिनिटातून दोन सेकंद. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पिंपात पाण्यात कालवलेली. मी चालवून पाहिलं, सगळं ठीक होतं, परत आले.

चार वाजून वीस मिनिटांनी पंपघर सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला.

"म्याडम, टाकीच्या पाण्याला लई वास येतुया. डोळं चुरचुरत्यात. मोटर बी हिसकं देतीया."

मी विचारलं, लाइट गेली होती का? गेली होती, सव्वादोनला परत आली. ती गेल्यावर काकांनी नेहमीप्रमाणे सगळ्या पिना, यूएसबीच्यासुद्धा, उपटल्या होत्या. लाइट येताना झटका बसून मोटर जळते, म्हणून तिकडे सगळेच उपटतात. लाइट आल्यावर हाताला लागेल ती पीन आधी लावली. म्हणजे नंबर उलटे झाले होते आणि टीसीएल दोन तास सलग सुटत होतं. पाच वाजता गावाला पाणी सुटणार होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि रेंज गेली.

सहा वेळा लावला, लागला नाही. स्कूटर काढली. रस्ताभर मला शाळेतून आलेली पोरं नळाला तोंड लावताना दिसत होती. भूगावच्या पुढे एका ट्रकच्या मागे अडकले तेव्हा घड्याळात पाच वाजून गेले होते. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही.

टाकीपाशी बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. मी आधी हंड्यांत वाकून पाहिलं. कोरडे.

"आल्या कंप्यूटरवाल्या बाई," एक म्हणाली. "पाणी पिशवीतनं आणलंय का?"

काका व्हॉल्व्हची चावी मांडीखाली घेऊन बसले होते. पिना त्यांनी केव्हाच उपटल्या होत्या. माझं पुढचं काहीच ऐकू आलं नव्हतं म्हणाले. असला वास आल्यावर पाणी कोण सोडंल? मग खालच्या आवाजात म्हणाले, "दोन्ही पिना सारक्याच हायेत. कुटली आदी घालायची, ते तुमी सांगितलंच न्हाई."

"चूक माझी आहे, काका."

टाकी रिकामी करून धुतली. बायका पाण्यावाचून, आम्हाला बोल लावत गेल्या. त्यांचं बरोबर होतं.

घरी जाऊन फाइलींना नाव द्यायचा नियम बदलला. दोन्ही यूएसबी वायरींच्या सर्किटांत कारखान्यातूनच वेगवेगळा क्रमांक कोरलेला असतो. आता फाइलीचं नाव त्यावरून ठरणार होतं, कोण आधी लागलं यावरून नाही. क्रमांक ओळखू आला नाही, तर काहीच चालू होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीसीएलच्या पिंपात साधं पाणी भरलं आणि काकांना पिना उपटायला लावल्या. उलट्या, सुलट्या, एक लावून एक तशीच ठेवून. वीस वेळा झाल्यावर ते म्हणाले, आता पुरे. मी म्हटलं, अजून वीस.