आडवी पडलेली बाग

शनवारा मोहल्ल्यातला सुपडू पेंटर तीस वर्षं लोकांच्या भिंतींवर खोटं लिहीत आला. बंद भिंतीत उघडी खिडकी, कोरड्या हौदात मासे, एकमजली घरात वर जाणारा जिना. त्या जिन्यावर एक जावई चढायला गेला. नाक त्याचं फुटलं, नाव सुपडूचं झालं.

पण खोट्यालाही जागा धरून उभं राहावं लागतं. सुपडूचं चित्र एकाच ठिकाणाहून खरं दिसे. तिथे तो फरशीवर पिवळ्या खडूने फुली मारी.

मग छापील वॉलपेपर आला. दुकानदाराने त्याला कागद चिकटवायची नोकरी देऊ केली. सुपडू म्हणाला, "एक भिंत हाती हाय. ती नाही जमली तर येतो."

ती भिंत बहादरपुरात, लीलाधरच्या नव्या बंगल्यात. बैठकीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींवरून थेट छतापर्यंत सुपडूने महिनाभर खपून केळीची बाग काढली. दारातल्या फुलीवरून पाहिलं की कोपरा नाहीसा होई आणि झाडांच्या रांगा सरळ तापीपर्यंत जात.

"सुपडूभाऊ, एकदम ओरिजिनल!" लीलाधर म्हणाला. "वास्तूच्या दिवशी सगळ्यांना दाखवू. मग वरच्या तिन्ही रूमचं काम तुमचंच."

वास्तूच्या दिवशी माणसं फुलीवर उभी राहिली नाहीत. ती जेवायला बसली. खाली, सतरंजीवर, भिंतीलगत. सुपडूने सगळी मापं घेतली होती, पंगतीचं राहिलं होतं. लीलाधरच्या आईने, गोदाबाईंनी, घास उचलला, वर पाहिलं आणि घास ताटात ठेवला.

"लीला, बाग आडवी पडेल हाय रे."

खालून प्रत्येक झाड घडासकट जेवणाऱ्यांच्या अंगावर कललं होतं. पंगतीत सगळे केळीवाले. वादळानंतरच्या बागेची त्यांना ओळख करून द्यावी लागत नाही.

"माय, जरा उभं राहून पाहा ना," सुपडू म्हणाला.

"उभ्यानं जेवू काय? चांगल्या दिवशी वादळ आणलंस घरात!"

आठ दिवसांनी दुकानाने सुपडूला पहिलं काम दिलं. लीलाधरकडचंच. बागेवर त्याने बर्फाचे डोंगर चिकटवले, फडक्याने बुडबुडे काढले. गोदाबाईंनी बसून पाहिलं, उठून पाहिलं.

"हे बरं. कुठूनबी पाहा, सारखंच."

सुपडू सवयीने दारात गेला. फुली अजून पुसली नव्हती. तिच्यावर उभं राहून त्याने पाहिलं. तिथूनही सारखंच होतं.