पत्त्याची मधली अक्षरं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण माझ्या ताईचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते कशाबद्दल आहेत हे तिलाच ठाऊक नाही — असं कुठे असतं का?

मी अकोल्याला कॉमर्स शिकवतो. बँकेची टिंगल हा माझा आवडता उद्योग होता. परदेशी पैसे पाठवायला बँक दोन-तीन दिवस घेते, कमिशन कापते, वर रविवारची सुट्टी! क्रिप्टोने तेच काम दहा मिनिटांत, चहाच्या पैशांत. सांगा, कार्यक्षम कोण? पोरं टाळ्या वाजवायची. मला ते फार गोड लागायचं. माझे स्वतःचे पैसे? ते बँकेत, एफडीत.

ताई मोर्शीला असते. भाऊजी गेल्यावर संत्र्याचा बगीचा तिनेच सांभाळला, आणि लेकीला, अश्विनीला, शिकायला जर्मनीला पाठवलं. फी भरायची म्हणजे ताईची अमरावतीच्या बँकेत खेप, फॉर्म, सह्या. मीच म्हणालो, "ताई, सोड ते. मी पाठवतो." तिने मृग बहाराचे, म्हणजे त्या हंगामाच्या संत्र्यांचे, सगळे पैसे माझ्या खात्यात टाकले. एका शब्दाने विचारलं नाही.

आधी थोडे पाठवून पाहिले. पोचले. क्रिप्टोत खाते क्रमांकाच्या जागी पत्ता असतो, अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. अश्विनीने बजावलं होतं — मामा, पत्ता दर वेळी माझ्या मेसेजमधूनच घ्या. पण मेसेज शोधायचा कंटाळा आला. ॲपमधल्या जुन्या व्यवहारांच्या यादीतला वरचा पत्ता उचलला. सुरुवातीची अक्षरं जुळली, शेवटची जुळली. मधली कोण वाचतो? कुणा लबाडाने मला चिल्लर पाठवून तसाच दिसणारा स्वतःचा पत्ता यादीत घुसवून ठेवला होता. पैसे गेले — दहा मिनिटंही लागली नाहीत.

बँकेत असं झालं असतं तर मी काउंटरवर जाऊन डोकं आपटलं असतं, अर्ज केला असता, मॅनेजरशी भांडलो असतो. कदाचित परत मिळालेही नसते. पण इथे भांडायला समोर माणूसच नव्हता. हल्ली मी वर्गात सांगतो की चूक निस्तरायला काय पडतं, तेही खर्चात धरा. पोरं लिहून घेतात. सर हे कुठे शिकले, ते कोण विचारतं?

इथवर ती चूक होती. पुढचं मात्र मी ठरवून केलं. ताईला म्हणालो, ती क्रिप्टोची कंपनीच बुडाली — आणि माझेही बुडाले त्यात. हे दुसरं का जोडलं? तिने मला रागावू नये म्हणून. आणि ती रागावली नाही. अश्विनीची एक परीक्षा हुकली, तिने पहाटे बेकरीत काम केलं, शिकली, नोकरीला लागली. आजही माझ्यासाठी चॉकलेटं पाठवते. या दोघी मला लाभल्या, याचं मला रोज नवल वाटतं. माझी तेवढी लायकी नव्हती.

पैसे गेले त्याच वर्षी भाऊबीजेला मोर्शीला गेलो. ताईने ओवाळलं. मी ओवाळणी टाकायला खिशात हात घातला, तर तिने तो धरला आणि माझ्याच मुठीत नोटा कोंबल्या.

"ठेव बापू. तुहे बी गेले न? मले मालूम हाये, किती गेले ते तू सांगून नाई राह्यला. घरी नको बोलू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता काहून रडतं रे? जीव राह्यला न आपला!"

नको म्हटलं असतं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी नोटा खिशात घातल्या आणि पाटावरून उठलो. तिने गरम पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. मी पोटभर जेवलो.