मंत्र्यांसाठी उघडं ठेवलेलं फाटक

एका रांगोळीचा मला आजही राग येतो. दुसऱ्या कोणी काढलेली असती तर इतका आला नसता. पण ती मीच काढलेली, सकाळी सहापासून डांबरावर वाकून, तीन रंग भरून, मधोमध 'सुस्वागतम्' लिहून. आणि कुठे, तर रेल्वे फाटकाच्या तोंडाशी. ज्या फाटकाच्या नावाने आम्ही तीन वर्षं बोटं मोडत होतो, त्याच्याच दारात.

दिवा स्टेशनच्या पुढे खाडीच्या अंगाला आमची वस्ती. आधीपासूनचा कोळीवाडा, आणि त्याला खेटून बघता बघता उठलेल्या चाळी. ठाण्यात जागा परवडेना म्हणून लग्नानंतर आम्ही तिथे खोली घेतलेली. ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायची. वस्ती एका बाजूला, आणि दवाखाना, बाजार, ठाण्याचा रस्ता, जे जे म्हणून माणसाला लागतं ते सगळं रुळांच्या दुसऱ्या बाजूला. मध्ये हे फाटक. ते एकदा पडलं की लांबच्या गाड्या, मालगाड्या, एकीमागून एक. अर्धा अर्धा तास उघडायचं नाही. उघडलं की दोन्हीकडची वाहनं एकदम घुसायची, मधोमध अडकायची, आणि ती सुटेपर्यंत पुन्हा घंटा वाजायची. रस्ता म्हणाल तर नुसते खड्डे. रिक्षावाले यायला तयार नसायचे, आले तर तोंड वाकडं करून.

माझ्या खोलीच्या मागे एक कोळीण राहायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही. पाटीभर मासळी घेऊन रोज फाटक ओलांडायची. तिच्या सुनेला पहिल्या बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा गावातली सुईण म्हणाली, मूल उलटं आहे, दवाखान्यात न्या. मावशीने रिक्षा आणली. फाटक बंद. एक मालगाडी आली आणि फाटकातच थांबली. पुढे सिग्नल नव्हता म्हणे. रिक्षा उभी, सून आत ओरडतेय, आणि पलीकडे दवाखान्याची पाटी डब्यांच्या फटीतून दिसतेय. बाळ रिक्षातच झालं. ते रडलं नाही. मावशीने त्याला पदरात गुंडाळलं आणि रिक्षा तिथूनच मागे वळवली, कारण आता पलीकडे जायचं कारणच उरलेलं नव्हतं.

हे सगळं मला मावशीने एकदाच सांगितलं. सुनेने कधीच नाही. ती त्यानंतर बोलेनाशीच झालेली. विचारलं तेवढ्याचं उत्तर, तेही मानेने.

आमचे नगरसेवक, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, माणूस वाईट नव्हता. हे मी रागात असूनही सांगते. फाटकावर पूल व्हावा म्हणून त्या माणसाने चपला झिजवल्या. रेल्वेवाले म्हणायचे, रुळांवरचा भाग आमचा, दोन्हीकडचे उतार राज्य सरकारचे, त्यांना आधी विचारा. राज्य सरकारचे लोक म्हणायचे, रस्ता महापालिकेचा. महापालिका म्हणायची, रेल्वेने सुरू केलं की आम्ही आहोतच. अशी टोलवाटोलवी तीन वर्षं. प्रत्येक वेळी नवं निवेदन लागायचं, आणि भाऊंना माझं अक्षर आवडायचं. शाळा सुटली की ते कोरे कागद घेऊन दारात हजर. "बाई, जरा आपलं ते लिहून द्या." मी लिहायची. 'महोदय, वरील विषयास अनुसरून...' झोपेत उठवलं तरी आजही म्हणून दाखवीन.

दुसऱ्या का तिसऱ्या निवेदनाच्या वेळी मी म्हटलेलं, "भाऊ, मावशीच्या सुनेचं घालू या ना यात."

ते म्हणाले, "नको बाई. मागणी सार्वजनिक असली पाहिजे. एकाचं दुःख घातलं की कागद वैयक्तिक होतो. मग साहेब लोक तो बाजूला सारतात. आपण वाहतुकीची कोंडी लिहू."

मी शिकलेली बाई. मला ते पटलं. पटलं काय, वर मला वाटलं, बरोबरच आहे, रडगाणं कशाला. मी कोंडी लिहिली, गैरसोय लिहिली, 'नागरिकांमध्ये तीव्र असंतोष' लिहिलं. आणि मावशीने कुंपणापलीकडून विचारलं, "मास्तरीनबाय, माज्या लेकराचं लिवलंस ना कागदात?" तेव्हा मी म्हटलं, "हो मावशी, लिहिलंय." तिला वाचता येत नव्हतं. त्या भरवशावर मी बोलले, दुसरं काय.

शेवटी भाऊंनी एका राज्यमंत्र्यांना गाठलंच. त्यांच्या बंगल्यावर तीन वेळा जाऊन बसले, चौथ्यांदा त्यांच्या गाडीच्या आडवे उभे राहिले. मंत्री म्हणाले, ठीक आहे, मी स्वतः येऊन पाहतो. भाऊ त्या संध्याकाळी आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, स्वतः येतायत. डोळ्यांनी बघतील."

आणि मग आम्ही तयारीला लागलो. आमच्या घरी पाहुणा यायचा म्हटला की आम्ही काय करतो? पसारा कॉटखाली ढकलतो, ठेवणीतली चादर काढतो, पोरांची तोंडं धुतो. तेच आम्ही त्या रस्त्याचं केलं. भाऊंनी महापालिकेच्या मागे लागून दोन ट्रक मुरूम आणला, खड्डे भरले, वरून रोलर फिरवला. टँकर आणून धूळ बसवली. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या हातगाड्या एका दिवसासाठी हलवल्या. कमान उभारली. बँडवाले सांगितले. वेळापत्रक बघून अशी वेळ काढली की मंत्र्यांची गाडी येईल तेव्हा फाटक उघडं असेल. रिक्षावाल्यांना तर भाऊंनी हात जोडले, "तासभर इकडे फिरकू नका रे बाबांनो."

मला कळलं नव्हतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. मी आदल्या दिवशी म्हटलेलं, "भाऊ, अडकू दे ना त्यांची गाडी. त्याचसाठी तर बोलावतोय."

भाऊ माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी काही अभद्र बोलले. "अहो बाई, मंत्र्यांना फाटकात उभं करायचं? आपल्या दारात? लोक तोंडात शेण घालतील."

आणि मी? घरी येऊन रांगोळीचे डबे शोधले.

मावशीला औक्षण सांगितलेलं. कोळणीच्या ठेवणीतल्या लुगड्यात, केसात फुलं, हातात तबक. फोटोत छान दिसतं. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मना बोलाचंय त्यांच्याशी. सून पुन्हा पोटुशी हाय. आता सातवा चालू हाय." मी म्हटलं, "आज नको मावशी, आज पाहुणे आहेत. निवेदनात आहे सगळं."

मंत्री आले. फाटक उघडं होतं. गाडी झोकात आली, कमानीखाली थांबली. मावशीने ओवाळलं. ओवाळता ओवाळता ती बोलायला लागली, "सायेब, माजी सून..." तेवढ्यात बँड सुरू झाला. बँडवाल्यांना मी दोष देत नाही. कारण त्याच वेळी मावशीचं कोपर धरून तिला मागे ओढलं ते मीच. मंत्र्यांनी तबकात एक नोट टाकली, हसून हात जोडले आणि पुढे गेले. फाटकातून पायी चालत पलीकडे गेले, चालत परत आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. भाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वॉर्ड छान ठेवलाय हो तुम्ही."

गाडी वळून गेली आणि पाच मिनिटांत घंटा वाजली. फाटक पडलं ते चाळीस मिनिटं. मंत्री तेव्हा कळव्याच्याही पुढे गेले असतील.

महिन्याभराने उत्तर आलं. प्रत्यक्ष पाहणी केली असता रस्ता सुस्थितीत व वाहतूक सुरळीत असल्याचं आढळून आलं, सबब पुलाची निकड दिसून येत नाही, अशा अर्थाचं. भाऊ ते घेऊन आमच्या ओट्यावर बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. त्या मंत्र्याला डोळे नव्हते का, म्हणून राग. भाऊंना अक्कल नव्हती का, म्हणून राग. आणि सगळ्यात जास्त राग त्या बाईचा, जिला अक्कल होती आणि तरी जी रांगोळी काढत बसली.

मावशी कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. भाऊ गेल्यावर आत आली. "काय लिवलंय?" मी सांगितलं. तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "पर माज्या लेकराचं वाचलं आसंल ना त्यांनी? ते वाचून पन आसंच लिवलं?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं की सगळा राग मंत्र्यावर गेला असता. पण मला ते जमेना. मी म्हटलं, "मावशी, ते मी लिहिलंच नाही. एकदाही नाही."

"कला नाय? का नाय लिवलंस?"

"भाऊ म्हणाले, ते वैयक्तिक आहे."

"म्हंजी काय?"

"म्हणजे... फक्त तुमचं. एकट्या घराचं."

मावशी उंबऱ्यात बसली.  मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "लेकरू मेलं ते एकट्या आमचं. आन् ते फाटक? ते पन आमचंच काय?" मला तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तेव्हाच कागद घेतला. महोदय नाही, विषय नाही, असंतोष नाही. मावशी सांगत गेली, मी लिहीत गेले. रिक्षा, मालगाडी, डब्यांच्या फटीतून दिसणारी पाटी, पदर. खाली तिचा अंगठा. दुसऱ्या दिवशी भाऊंकडे गेले आणि म्हटलं, सही करा. त्यांनी वाचलं. "बाई, हे असं..." एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, तीन वर्षं तुमच्या भाषेत लिहिलं. आता सही करा, नाहीतर यापुढे अर्ज लिहायला दुसरं कोणी बघा." त्यांनी सही केली. 

या वेळी उत्तर लवकर आलं. सदर घटनेचा पुरावा म्हणून अर्भकाच्या मृत्यूचा दाखला जोडावा.

दाखला कुठला? बाळ दवाखान्यात पोचलंच नव्हतं. त्याचा जन्म कुठे लिहिलेला नव्हता, तर मरण कुठे असणार? सरकारच्या लेखी ते झालंही नव्हतं आणि गेलंही नव्हतं. मी तो कागद मावशीला वाचून दाखवला तेव्हा सून दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, आता तिथे जाऊनच बोलू. सुनेने मावशीला सांगितलं, मी येते. इतकंच.

आम्ही चौघं ठाण्याला गेलो, ज्या कचेरीतून ते उत्तर आलेलं तिथे. भाऊ, मावशी, सून आणि मी. मावशीने सुनेच्या कपड्यांचं बोचकंही बरोबर घेतलेलं. काम झालं की तिला ठाण्यातच तिच्या मामाकडे ठेवायचं, बाळंत होईपर्यंत परत न्यायचंच नाही, असं तिचं ठरलेलं. तिचा आता आमच्या एकाही कागदावर विश्वास नव्हता, आणि तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

दोन तास बाकावर बसवून मग तिथल्या साहेबांनी आत बोलावलं. भाऊ बोलले, व्यवस्थित बोलले, आवाज चढवूनही बोलले. साहेब फाइल चाळत होते. म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो हो. पण कागदोपत्री पुरावा नसेल तर मी तरी वर काय पाठवू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सून पुढे झाली. टेबलाच्या कडेला हात टेकवून उभी राहिली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज मी धड ऐकला नव्हता. तो थकलेला होता, पण हलला नाही.

"पुरावा पायजे ना सायेब? मी जाते परत घरी. कळा आल्या की निरोप धाडते. तुमी येऊन फाटकावर उबे रवा. या खेपेला तुमच्या डोल्यांनी बगा, आन् मंग लिवा."

मावशीने तिचा दंड धरला. भाऊ खाली बघत होते. साहेबांचा हात फाइलवर तसाच राहिला. मग त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कितवा महिना?"

"नववा लागला," ती म्हणाली.